उघड्यावरील सर्किट ब्रेकर आणि पंपाची पेटी : नियमित देखभाल

कृषी अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

मोटेवर पाणी काढण्याच्या काळात जाणता शेतकरी हंगाम सुरू होण्यापूर्वीच नाडा, सोंदूर व चाक तपासून घेत असे. नाडा झिजला असल्यास तो तुटेपर्यंत वाट न पाहता बदलीत असे. कारण भरलेली मोट वर येत असता नाडा तुटला, तर मोट विहिरीत जाई आणि ओढीत असलेले बैल धावेवर कोसळून जायबंदी होत. आज मराठवाड्यातील विहिरींवरून मोट जवळजवळ नाहीशी झाली असून तिची जागा विद्युत पंपाने घेतली आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली व त्याच वर्षी २० जून रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. पुढील दशकांत मंडळाच्या वाहिन्या खेडोपाडी पोहोचल्या. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वीज वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. साधने बदलली, परंतु तुटण्यापूर्वी तपासावे, हा मोटेच्या काळचा नियम आजही तितकाच लागू आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेती विजेवर किती अवलंबून आहे हे वेगळे सांगावयास नको. नाथसागराच्या काठावरील उपसा पंप असोत, पैठण तालुक्यातील मोसंबीच्या बागा असोत, किंवा कन्नड व फुलंब्रीकडील आल्याची पिके असोत, पाण्याची पाळी ठरलेल्या दिवशी मिळाली तरच पीक हाती लागते. ऐन मे महिन्यात फीडर दोन दिवस बंद पडला तर त्याची झळ फळगळीच्या रूपाने दिसून येते. त्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, जो वीजपुरवठा दोष निर्माण झाल्यावर आपोआप बंद व्हावयास हवा तो बंद न झाल्यास माणसाचा व जनावराचा जीव जातो. पुरवठा अकारण बंद पडू नये आणि दोष होताच तो निश्चित बंद पडावा, ही दोन्ही कामे ज्या उपकरणाकडे आहेत त्यास सर्किट ब्रेकर म्हणतात. उपकेंद्रातील ब्रेकरची देखभाल कशी होते, तिच्याशी शेतकऱ्याचा संबंध काय, आणि आपल्या शेतातील पेटीची देखभाल कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रेकरचे कार्य

घरातील खटका आणि ब्रेकर यांत मोठा फरक आहे. खटका हा नेहमीचा, मर्यादित प्रवाह चालू-बंद करण्यासाठी असतो. ब्रेकरला मात्र दोन तारा एकमेकींना चिकटल्या असता किंवा तार जमिनीला टेकली असता वाहणारा प्रचंड प्रवाह तोडावा लागतो. असा प्रवाह तोडताना संपर्कांमध्ये ठिणगी न पडता धगधगता विद्युत्‌ज्वाळ निर्माण होतो. तो विझला नाही तर संपर्क एकमेकांपासून दूर जाऊनही प्रवाह चालूच राहतो.

हा ज्वाळ विझविण्यासाठी आजच्या ११ केव्ही व ३३ केव्ही ब्रेकरमध्ये बहुधा निर्वात नळी वापरलेली असते. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजेच तो सेकंदातून १०० वेळा क्षणमात्र शून्य होतो. निर्वात नळीतील संपर्क अलग झाल्यावर अशा शून्य क्षणी ज्वाळ विझतो आणि नळीत हवा नसल्याने तो पुन्हा पेटत नाही. जुन्या ब्रेकरांत हेच काम तेलाकडून करून घेतले जाई.

ब्रेकर स्वतः होऊन दोष ओळखीत नाही. वाहिनीतील प्रवाहाचे मोजमाप रिलेकडे जाते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की रिले बॅटरीची वीज ट्रिप कॉइलकडे सोडते. कॉइल एक छोटी खिट्टी ओढते, ताणून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि संपर्क अलग होतात. खिट्टी हलल्यापासून प्रवाह तुटेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. या साखळीतील बॅटरी, वायर, कॉइल, खिट्टी व स्प्रिंग यांपैकी एकही दुवा निकामी असेल, तर ब्रेकर बाहेरून कितीही सुस्थितीत दिसला तरी त्याचा उपयोग शून्य होय.

येथेच देखभालीचे मर्म आहे. पंप बिघडला तर तो त्याच दिवशी कळतो, कारण तो रोज चालतो. ब्रेकर मात्र महिनोन् महिने जागचा हलत नाही. त्यातील ग्रीस घट्ट झाले आहे, खिट्टी गंजली आहे, बॅटरी उतरली आहे, हे दोष वाहिनी सुरळीत चालू असताना कोणासही जाणवत नाहीत. ते जाणवतात नेमक्या संकटाच्या क्षणी. म्हणून ज्या उपकरणाचे काम क्वचितच पडते, त्याची तपासणी ठरावीक मुदतीने मुद्दाम करावी लागते.

संरक्षणाचे तीन टप्पे

शेतीपंपापर्यंत येणाऱ्या विजेवर साधारणतः तीन ठिकाणी पहारा असतो.

पहिला पहारा उपकेंद्रात. तेथे ३३ हजार व्होल्टचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत उतरविला जातो आणि प्रत्येक ११ केव्ही फीडरसाठी उघड्या आवारात स्वतंत्र ब्रेकर बसविलेला असतो.

दुसरा पहारा रोहित्रावर, ज्यास आपण डी.पी. म्हणतो. तेथे उच्चदाबाच्या बाजूस खांबावर फ्यूज असतात आणि लघुदाबाच्या बाजूस पेटीत फ्यूज किंवा ब्रेकर असतो.

तिसरा पहारा शेतकऱ्याच्या स्वतःच्या पेटीत. तेथे मुख्य स्विच, फ्यूज किंवा एम.सी.सी.बी., तसेच ओव्हरलोड रिलेसह स्टार्टर असतो.

दोष जेथे असेल त्याच्या सर्वांत जवळच्या पहारेकऱ्याने प्रथम वीज तोडावी, अशी ही योजना आहे. जवळचा पहारेकरी झोपला तर मागच्यास जागे व्हावे लागते आणि नुकसानीचे क्षेत्र वाढते. एखाद्या शेतकऱ्याने पेटीतील रिले वगळून मोटर थेट जोडली व ती जळाली, तर डी.पी.वरील फ्यूज जातो आणि त्या रोहित्रावरील सर्वांचे पंप बंद पडतात. डी.पी.च्या पेटीतही फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असली, तर दोषाचा भार रोहित्रावर येतो. रोहित्र जळते, किंवा संपूर्ण फीडर ट्रिप होतो. उपकेंद्रातील फीडरचा ब्रेकरही अडकून बसला, तर मागील ३३ केव्ही ब्रेकरला वीज तोडावी लागते आणि त्या उपकेंद्रावरील सर्व गावे अंधारात जातात. एका पेटीतील निष्काळजीपणा असा गावोगाव पोहोचतो.

उघड्यावर असल्यामुळे उद्भवणारे दोष

उपकेंद्रातील ब्रेकर काय किंवा विहिरीवरील पेटी काय, दोन्ही ऊन, पाऊस व धूळ सोसत उभी असतात. आपल्या जिल्ह्याच्या हवामानात पुढील दोष विशेषेकरून आढळतात.

१. धूळ. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानांतील व कच्च्या रस्त्यांवरील धूळ चिनी मातीच्या विद्युत्‌रोधकांवर बसते. कोरडी असेपर्यंत ती फारसा उपद्रव करीत नाही. परंतु वळवाच्या पहिल्या हलक्या सरीने अथवा धुक्याने ती ओलसर झाली की तिच्यातून प्रवाह झिरपू लागतो व रोधकाच्या पृष्ठभागावरून ठिणगी उडते. जोराचा पाऊस रोधक धुऊन काढतो. अपाय होतो तो भुरभुर पावसात. पहिल्या पावसाबरोबर वीज जाते याचे हे एक मोठे कारण आहे.

२. ओल. दिवसा तापलेली पेटी रात्री थंड झाली की आतील हवेतील बाष्प पत्र्यावर व तारांच्या टोकांवर जमते. त्यामुळे लोखंड गंजते आणि तांब्यावर हिरवट थर येतो. उपकेंद्रातील ब्रेकरच्या पेटीत याच कारणासाठी छोटा हीटर बसविलेला असतो.

३. उष्णतेचे आकुंचन-प्रसरण. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने व भार कमी-जास्त होण्याने सांधे ढिले पडतात. ढिला सांधा तापतो, तापल्याने अधिक ढिला होतो व अखेर जळतो. ॲल्युमिनियमच्या तारांत हा दोष लवकर उद्भवतो.

४. ग्रीस घट्ट होणे. धूळ मिसळलेले जुने ग्रीस वंगणाचे काम करीत नाही. उलट ते खिट्टी चिकटवून ठेवते.

५. किडे व प्राणी. मुंग्या, गांधीलमाशा, पाली, उंदीर व सरडे केबलच्या मोकळ्या छिद्रांतून आत शिरतात. दोन फेजांमध्ये आडवी आलेली एक पाल फीडर बंद पाडण्यास पुरेशी होते.

उपकेंद्रातील प्रतिबंधक देखभाल

ही देखभाल प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनीच करावयाची असते. तरीही तिचे स्वरूप शेतकऱ्यांस माहीत असणे इष्ट आहे. कारण ठरवून घेतलेल्या बंदच्या वेळी आत काय चालते हे कळल्यास त्या बंदविषयीचा रोष कमी होईल.

दैनंदिन पाहणीत ब्रेकर चालू असताना सुरक्षित अंतरावरून त्याचे निरीक्षण केले जाते. चालू-बंद दर्शक व स्प्रिंग ताणली असल्याची खूण बरोबर आहे काय, बॅटरीचा दाब योग्य आहे काय, रोधकास तडा गेला आहे काय, सांध्यापाशी तापल्याचा रंग किंवा चरचर असा आवाज आहे काय, या गोष्टी पाहून नोंदवहीत लिहितात. अवरक्त कॅमेरा उपलब्ध असल्यास तापलेला सांधा दुरूनच ओळखता येतो.

मोठी देखभाल पुरवठा बंद करूनच होते आणि ती पावसाळ्यापूर्वी पूर्ण होणे महत्त्वाचे असते. रोधक पुसून स्वच्छ करणे, सांधे आवळणे, जुने ग्रीस काढून उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे नवे लावणे, पेटीचे रबर व हीटर तपासणे, केबलची छिद्रे बुजविणे ही कामे त्यात येतात. त्यानंतर मोजमापे घेतात. मेगरने रोधन तपासतात. संपर्क बंद असताना त्यांचा रोध मायक्रोओहममध्ये मोजतात; तो वाढला असल्यास संपर्क झिजले, किंवा सांधा बिघडला असे समजावे. निर्वात नळी उघडून पाहता येत नाही. म्हणून संपर्क उघडे ठेवून उच्च दाब देऊन तिच्यातील निर्वात टिकून आहे की नाही याची परीक्षा करतात. तिन्ही फेजचे संपर्क एकाच वेळी अलग होतात की नाही, हे वेळमापक यंत्राने पाहतात. शेवटी रिलेकडून प्रत्यक्ष हुकूम देऊन ब्रेकर ट्रिप करून पाहतात. ही शेवटची परीक्षा सर्वांत मोलाची होय. कारण बॅटरीपासून खिट्टीपर्यंतची सारी साखळी तीत एकदम तपासली जाते.

मोजमापांचा खरा उपयोग तुलनेत आहे. या वर्षीचा आकडा मागील वर्षांच्या आकड्यांशेजारी ठेवला म्हणजे दोष वाढीस लागला आहे की नाही ते कळते. जमिनीच्या माती-परीक्षणाचे अहवाल आपण जसे सांभाळून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

शेतकऱ्यांचे सहकार्य

उपकेंद्रातील ब्रेकरला शेतकऱ्याने हात लावावयाचा नसला, तरी त्याचे आयुष्य शेतकऱ्यांच्या सवयींवर अवलंबून असते. तीन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली गोष्ट ऑटो स्विचची. रात्री विहिरीवर जावे लागू नये म्हणून वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे स्विच अनेकांनी बसविले आहेत. त्यामागील अडचण खरी आहे. तथापि त्याचा परिणामही समजून घ्यावा. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते, परंतु थेट सुरू होताना काही क्षण त्याच्या सुमारे सहापट घेते. अशा शंभर मोटरी चालू असता ११ केव्ही वाहिनीवर सुमारे ३० अँपिअर प्रवाह असेल. त्या सर्व एकाच क्षणी सुरू झाल्या तर तो सुमारे १८० अँपिअर होईल. रिलेस हा दोष भासतो व ब्रेकर ट्रिप होतो. चालकाने तो पुन्हा लावला की सर्व पंप पुन्हा एकदम उठतात व ब्रेकर पुन्हा पडतो. अशा प्रत्येक खेपेस त्याची यंत्रणा झिजते. यास्तव ऑटो स्विच काढून टाकणे हेच उत्तम. तसेच योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. ३ अश्वशक्तीच्या पंपास १, ५ अश्वशक्तीच्या पंपास २ व ७.५ अश्वशक्तीच्या पंपास ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर सामान्यतः योग्य ठरतो. त्यामुळे वाहिनीवरील प्रवाह घटतो व दाब सुधारतो.

रात्रीच्या पाळीची अडचण दूर करण्याच्या दृष्टीने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० महत्त्वाची आहे. या योजनेतील ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात धोंदलगाव येथे २०२४ साली सुरू झाला. ज्या फीडरवर अशी दिवसाची वीज मिळते, तेथे ऑटो स्विचचे प्रयोजनच उरत नाही, आणि पेटीची पाहणीही उजेडात करता येते.

दुसरी गोष्ट, ‘एकदा लावून तर पाहा’ या आग्रहाची. फीडर ट्रिप झाल्यावर उपकेंद्रातील चालकावर दबाव आणून तो पुन्हा लावावयास सांगणे अत्यंत धोक्याचे आहे. तार तुटून कोणाच्या शेतात पडलेली असू शकते. दुरुस्ती चालू असेल तर खांबावर माणूस चढलेला असतो. काम सुरू करण्यापूर्वी परमिट घेतले जाते, ब्रेकर व त्यापुढील आयसोलेटर उघडला जातो, वाहिनीत वीज नसल्याची खात्री करून ती जमिनीस जोडली जाते. काम संपून प्रत्येक परमिट परत आल्याशिवाय वीज सोडता येत नाही. या पद्धतीस लागणारा अर्धा-पाऊण तास हा वायरमनच्या जिवाचा विमा आहे.

तिसरी गोष्ट झाडांची व आकड्यांची. तारेस लागणाऱ्या फांद्या वाऱ्याने घासून फीडर वारंवार ट्रिप करतात. त्यांची माहिती पावसाळ्यापूर्वी वायरमनला द्यावी. वाहिनी चालू असता स्वतः फांद्या तोडू नयेत. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर तर कोणताच पहारा नसतो.

शेतातील पेटीची देखभाल

तिसरा पहारा हा सर्वस्वी शेतकऱ्याचा आहे. पेटीची जागा प्रथम नीट असावी. ती जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, पक्क्या आधारावर, छपराखाली व शक्य तर पश्चिमेच्या उन्हापासून आडोशाला असावी. केबल खालच्या बाजूने, ग्लँड बसवून आत घ्यावी. वरून घेतल्यास पावसाचे पाणी तारेवरून सरळ आत उतरते. पेटीस खताची प्लॅस्टिक गोणी गुंडाळण्याची पद्धत सोडून द्यावी. तिच्यामुळे पाऊस अडतो, परंतु आतील बाष्प कोंडून राहते व किड्यांस आसरा मिळतो.

पेटी उघडण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. मुख्य स्विच बंद करावा. त्यापुढील फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी नकळत वीज सुरू करू शकणार नाही. तिन्ही फेजवर टेस्टर लावून पाहावा. तत्पूर्वी तो टेस्टर चालू विजेवर लावून चालतो याची खात्री करून घ्यावी. ‘आता वीज गेलेली आहे’ एवढ्यावर विसंबून पेटीत कधीही हात घालू नये. गेलेली वीज कोणत्याही क्षणी येते. मुख्य स्विचच्या आधीच्या तारा, मीटर व डी.पी. यांस हात लावू नये. पेटीतील सांधे आवळणे व भाग बदलणे ही कामे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावीत.

तपासणीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

संपर्क : स्टार्टरचे संपर्क काळे पडले, खड्डे पडले वा चिकटू लागले असल्यास तिन्ही फेजचे एकदम बदलावेत. ते कानशीने घासल्यास वरचा चांदीमिश्रित थर निघून जातो व पुढे ते लवकर जळतात.

ओव्हरलोड रिले : मोटरच्या पाटीवरील प्रवाहाइतकी तिची मर्यादा ठेवावी. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या मार्गात जोडलेली असल्यास पाटीवरील प्रवाहाच्या ५८ टक्के ठेवावी. रिले वारंवार पडते म्हणून मर्यादा वाढवीत जाणे म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. बेअरिंग, कमी दाब किंवा गेलेली एक फेज यांपैकी कारण शोधावे. एक फेज गेली असता मोटर थांबविणारे उपकरण अवश्य बसवावे.

फ्यूज : ठरलेल्या अँपिअरचीच फ्यूजतार वापरावी. केबलमधील किंवा वाइंडिंगची तार कधीही घालू नये.

रोधन : मोटर व केबल यांचे रोधन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्यावे. ते १ मेगओहमपेक्षा कमी असल्यास मोटर चालवू नये.

भूसंपर्क आणि काळी जमीन

पेटीतील ब्रेकर व फ्यूज कितीही चांगले असले, तरी आर्थिंग वाईट असल्यास माणसाचे रक्षण होत नाही. हे एका साध्या हिशेबाने पटेल. पेटीच्या पत्र्यास एक फेज चिकटली आहे असे समजू. फेज व जमीन यांतील दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. आर्थिंगचा रोध ५ ओहम असल्यास जमिनीत जास्तीत जास्त ४६ अँपिअर प्रवाह जाईल व फ्यूज वितळू शकेल. तोच रोध ५० ओहम असल्यास अवघा ४.६ अँपिअर जाईल. हा प्रवाह ५ अश्वशक्तीच्या मोटरच्या नेहमीच्या प्रवाहाहूनही कमी आहे. फ्यूजला व ओव्हरलोड रिलेला त्यात वावगे काहीच दिसणार नाही, पत्रा मात्र वीजभारित राहील आणि जो त्यास हात लावील त्याच्या जिवावर बेतेल. यास्तव आर्थिंग सुधारण्याबरोबरच गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर पेटीत बसवून घेणे हितावह आहे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो पडला नाही तर बदलावा.

आपल्या जिल्ह्यातील जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या आहेत. गोदाकाठची खोल काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते. परंतु उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते व आर्थिंगच्या नळीपासून सुटते. डोंगराळ भागातील मुरमाड, हलक्या जमिनीत ओल टिकतच नाही. म्हणून आर्थिंगचा रोध एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असताना मोजून घ्यावा. पावसाळ्यातील चांगला आकडा फसवा असतो. सुमारे २.५ मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी उभी पुरून तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत, तोंडाशी नरसाळे ठेवावे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तेथे पाणी घालावे. खडक लागल्यास एका नळीवर समाधान न मानता दोन-तीन नळ्या अंतर ठेवून पुराव्यात व एकमेकींस जोडाव्यात. पेटी, मोटर व लोखंडी पाइप ही सर्व आर्थिंगला जोडलेली असावीत.

वर्षभराचे वेळापत्रक

दर आठवड्यास : पेटी बंद असताना बाहेरून पाहणी, गुणगुण, जळका वास, तापलेला पत्रा, उघडे छिद्र. हात लावण्यापूर्वी टेस्टर लावावा.

दर महिन्यास : गळती-ब्रेकरचे बटण, मुंग्यांची व गांधीलमाशांची घरटी काढणे, दाराचे रबर.

एप्रिल-मे : वायरमनकडून पूर्ण तपासणी, म्हणजे सांधे, संपर्क, रिले, रोधन व आर्थिंगचा रोध, रंग व छप्पर दुरुस्ती, वाहिनीस लागणाऱ्या झाडांची सूचना.

जून ते सप्टेंबर : पंप बंद असल्यास मुख्य स्विच बंद ठेवावा, ढग गडगडत असता पेटीजवळ थांबू नये.

ऑक्टोबर : रब्बीसाठी पंप सुरू करण्यापूर्वी पेटी कोरडी करून मेगरची चाचणी पुन्हा घ्यावी.

प्रत्येक वेळी तारीख व मोजमाप एका वहीत लिहून ठेवावे.

तुटलेली तार

शेवटी एका गंभीर गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. तार तुटून जमिनीवर पडली म्हणजे ब्रेकर पडणारच व तार निर्जीव होणारच, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. कोरड्या मुरमावर, खडकावर किंवा भेगाळलेल्या रानावर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की, सुस्थितीतील ब्रेकरलाही तो ओळखता येत नाही. गावात दिवे चालू असतात आणि बांधावर पडलेली तार जिवंत असते. अशा तारेभोवतीची जमीनही वीजभारित असते. बैलाच्या व गायीच्या पुढच्या-मागच्या पायांतील अंतर मोठे असल्याने दोहोंमधील दाबाचा फरक अधिक होतो. माणसास केवळ झिणझिण्या आलेल्या जागी जनावर दगावते.

म्हणून पडलेली प्रत्येक तार जिवंत समजावी. तिच्यापासून किमान दहा मीटर दूर राहावे, गुरे वळवावीत, दोन्ही बाजूंस माणसे उभी करून वाट बंद करावी आणि १९१२ या क्रमांकावर व गावच्या वायरमनला ताबडतोब कळवावे. चुकून जवळ गेलेले असल्यास पाय जुळवून, लहान लहान पावले घासत मागे यावे. ११ केव्ही तार काठीनेही बाजूस करू नये; वाळलेले लाकूडसुद्धा त्या दाबापुढे भरवशाचे नसते.

उपसंहार

उपकेंद्रातील ब्रेकर, डी.पी.वरील फ्यूज व शेतातील पेटी हे एकाच साखळीचे दुवे आहेत. पहिल्या दोघांची निगा राखणे वीज कंपनीचे काम. तिसऱ्याची निगा राखणे शेतकऱ्याचे. पावसाळ्यापूर्वी उपकेंद्रातील देखभालीसाठी एक दिवस पुरवठा बंद राहणार असल्याची सूचना येईल, तेव्हा त्या दिवसाचे पाणी आदल्या दिवशी द्यावे व मोकळा मिळालेला तो वेळ स्वतःच्या पेटीच्या तपासणीस लावावा. तथापि त्या दिवशीही फ्यूज काढून खिशात ठेवण्याचा नियम मोडू नये. वर्षातून एक दिवस व थोडासा खर्च एवढ्या मोबदल्यात पिकाची पाळी चुकत नाही, मोटर जळत नाही, आणि विहिरीवर गेलेला माणूस सुखरूप घरी येतो.